जुन्या जिप्सीचे कमानपाटे: मूळ संच घ्यावा, जादा पान टाकावे की गाडी उंच करावी?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)

सर्व जाणकारांना नमस्कार. माझ्याकडे २००३ सालची मारुती जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप, एमपीएफआय इंजिनाची. इंजिन, गिअरबॉक्स आणि फोर-बाय-फोर यांची काही तक्रार नाही. कमानपाटे (म्हणजे लीफ स्प्रिंग, एकावर एक ठेवलेली पोलादी पाने) मात्र पहिल्या दिवसापासूनचेच आहेत आणि आता जवळजवळ सपाट झाले आहेत. मागे दोन माणसे आणि युरियाच्या चार गोण्या असल्या, की शेतरस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात अ‍ॅक्सल बंपस्टॉपवर (चासीखालच्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो. रिकामी गाडी डांबरी रस्त्यावर चालवावी, तर पुलाचा लहानसा सांधाही थेट कमरेला जाणवतो. भरलेली असताना इतकी मऊ आणि रिकामी असताना इतकी कडक, हे एकाच गाडीत कसे, हे मला उमगत नाही.

वापर असा आहे. शेत लासूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात काळ्या मातीची पाणंद आणि गोट्यांनी भरलेले दोन नाले पार करावे लागतात. उन्हाळ्यात त्याच पाणंदीवर दगडासारख्या टणक चाकोऱ्या तयार होतात. त्याखेरीज जळगावला नेहमीचे जाणे-येणे असते, आणि अधूनमधून पाल किंवा तोरणमाळला कुटुंबासह जातो. म्हणजे गाडी शेतीची आहे, घरची आहे आणि थोडी हौसेचीही आहे.

गॅरेजांतून मला चार सल्ले मिळाले आहेत: जुन्याच पाट्यांना कॅम्बर (पुन्हा कमान) देऊन मागे एकेक जादा पान टाकावे; कंपनीच्या मापाचा नवा संच घ्यावा; दोन इंच उंचीचा तयार संच बसवावा; किंवा पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवावेत, म्हणजे गाडी एकदम पाच इंच उंच होईल. शॉकअप कोणते घ्यावेत यावरही प्रत्येकाचे मत वेगळे आहे. पैसे एकदाच घालावे लागावेत, अशी इच्छा आहे. कृपया कारणांसह मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (फैजपूर)

भाऊ, एकच गाडी मऊही आणि कडकही कशी, हा आपला प्रश्न आधी घेतो, कारण निवडीची दिशा तिथेच ठरते. पाटा सपाट झाला की अ‍ॅक्सल आणि बंपस्टॉप यांमधले अंतर इतके कमी होते, की थोड्याशा वजनानेही ते संपते. भरलेली गाडी आदळते ती यामुळे. रिकाम्या गाडीच्या कडकपणाचे कारण निराळे आहे. पानांच्या मध्ये गंज आणि धूळ साचून घर्षण वाढले, की लहान धक्क्याला पाने एकमेकांवर सरकतच नाहीत. सगळा पाटा एकसंध लोखंडी पट्टी होऊन बसतो आणि सांध्याचा धक्का जसाच्या तसा चासीकडे जातो. याचा अर्थ आपली गाडी मऊही नाही आणि कडकही नाही, ती झिजलेली आहे. तिच्यावर जादा पान टाकणे म्हणजे झीज तशीच ठेवून कडकपणा विकत घेणे होय.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी गाडी सपाट फरशीवर, रिकामी उभी करावी आणि चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. मागच्या दोन्ही बंपस्टॉपखाली किती जागा उरली आहे तेही मोजावे. त्यानंतर शॅकलजवळ (पाट्याचे एक टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीजवळ) टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून पाट्याचा डोळा (टोकाचे गोल भोक) हलवून पाहावा. खडखड हलला तर बुश (डोळ्यातले रबरी अस्तर) संपले आहेत. पानांच्या टोकांशी बोट फिरवावे. वरच्या पानाच्या पोटात खालच्या पानाच्या टोकाने खाच पाडली असेल, तर ते पान त्याच जागी तुटणार हे निश्चित समजावे. सर्वांत शेवटी टायरमधली हवा तपासावी. पंपावरचा मुलगा सवयीने ३५ पीएसआय भरतो. एक टनाच्या आसपास वजन असलेल्या या गाडीला इतकी हवा लागत नाही, आणि निम्मा कडकपणा तिथूनच येतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दाब ठेवून आठवडाभर चालवून पाहावी.

आता उंचीविषयी. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल आहे. पाट्यांनी चासी कितीही वर उचलली, तरी डिफरन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलवरचा दातेरी चाकांचा फुगीर डबा) जमिनीपासून होता तितक्याच अंतरावर राहतो. तो वर उचलतो फक्त टायर. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर भरतो आणि २१५/७५ आर १५ चा साधारण ७०४, म्हणजे गोळा जवळजवळ १८ मिलिमीटर वर जातो. काळ्या मातीच्या पाणंदीत गाडी अडकते ती चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गोळा टेकल्यामुळे, आणि तिथे पाच इंच उंच केलेली जिप्सी कंपनीच्या जिप्सीइतकीच अडकते. फरक असलाच तर तो हा, की उंच गाडी अडकल्यावर तिरपी अधिक होते. (मोठ्या टायरने स्पीडोमीटर सुमारे ५ टक्के कमी वेग दाखवील, हे लक्षात असू द्यावे.)

पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवण्याचा सल्ला आपल्या वापरासाठी मी सरळ बाद करतो. त्यात स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडतो, ब्रेकचे होज लांब करावे लागतात आणि जोर लावताना अ‍ॅक्सल पाट्यांसकट पिळवटतो. जळगावच्या रस्त्यावर ट्रकला ओलांडताना गुरुत्वमध्य पाच इंच वर असलेली अरुंद गाडी कशी वागेल, याचा विचार आपणच करावा. नुसत्या खडकांत खेळण्यासाठी ठेवलेल्या गाडीला ते शोभते. कुटुंबाला तोरणमाळला नेणाऱ्या गाडीला शोभत नाही.

माझे मत असे, की मूळ ताकदीचा नवा संच, चारही कोपऱ्यांचे नवे बुश व शॅकल, मूळ लांबीचे चांगले शॉकअप आणि २१५/७५ टायर एवढे करावे.

उत्तर २ (शहादा, जि. नंदुरबार)

फैजपूरच्या दादांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे. पण उंचीचा प्रश्न त्यांनी गोळ्यापाशी संपवला, ते मला पटले नाही. माझे काम धडगाव आणि मोलगीच्या बाजूला असते. तिथे चाकोरी कमी आणि कोरड्या नाल्यातले गोटे अधिक. अशा जागी गाडी टेकते ती गोळ्यावर नव्हे, तर पोटावर. जिप्सीचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा, चासीच्या मधोमध टांगलेला असतो. काठावरून नाल्यात उतरताना पुढची चाके खाली जातात, मागची काठावर असतात आणि दोहोंच्या मधला हा भाग दगडाला घासतो. इथे चासी दीड-दोन इंच वर असण्याचा खरोखर उपयोग होतो. नाल्यातून वर चढताना मागचा बंपर घासू नये, यासाठीही तो होतो. आपण दोन गोटाळ नाले लिहिले आहेत, म्हणून हे सांगितले.

मात्र ती उंची कशातून येते, यावर सर्व काही अवलंबून आहे. स्वस्त उपाय म्हणून लांब शॅकल विकले जातात. शॅकल जितका लांब करावा त्याच्या निम्मीच उंची मिळते. शिवाय जिप्सीला पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे लांब शॅकलने अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर (पुढची चाके ज्या खुंटीवर वळतात तिचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायचे थांबते, आणि महामार्गावर गाडी सतत हाताने धरून ठेवावी लागते. पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, पण मग पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (अ‍ॅक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो आणि त्याच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट कुरकुरू लागतो. एका गॅरेजमध्ये मला उंचीसाठी लोखंडी ठोकळे दाखवण्यात आले होते. ज्या पिकअप गाड्यांत पाटा अ‍ॅक्सलच्या वर असतो तिथे मागे ते चालतात. जिप्सीत पाटा अ‍ॅक्सलच्या खाली आहे, त्यामुळे मध्ये ठोकळा घातला तर गाडी उंच न होता खाली बसेल! दाखवणाऱ्याने जिप्सीखाली वाकून तरी पाहिले होते की नाही, देव जाणे.

उंची हवीच असेल, तर ती जरा अधिक कमान असलेल्या, पण मूळइतक्याच मऊ पाट्यांतून घ्यावी, आणि दीड इंचावर थांबावे. बाजारातले बरेच तयार संच उंची मिळवण्यासाठी पाटा कडक करतात. रिकाम्या गाडीत असा पाटा हलतच नाही. गोट्यांमध्ये एक चाक वर गेले की दुसरे हवेत राहते, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. चढावर गाडी जाते ती उंचीमुळे नव्हे, चारही चाके जमिनीला धरून राहिल्यामुळे.

उत्तर ३ (धुळे, पाट्यांच्या कामात)

रामराम. कॅम्बर देण्याविषयी कोणीच लिहिले नाही, आणि फसगत सर्वांत जास्त तिथेच होते, म्हणून सविस्तर लिहितो.

पाट्याचे पान सिलिकॉन-मँगनीजच्या स्प्रिंग स्टीलचे असते. त्याला कारखान्यात तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक उष्णतेला नरम करून ताकद दिलेली असते. पान बसते ते वर्षानुवर्षांच्या ताणाने थकून. ते थंडच हातोड्याने किंवा प्रेसवर वाकवून पुन्हा कमान देता येते, आणि जे पान फार जुने नाही, ज्यावर खाच किंवा गंजाचे खड्डे नाहीत, त्याला असे केलेले काही काळ टिकतेही. आपल्या गाडीच्या वीस वर्षांहून जुन्या पानांना ते टिकणार नाही. एक-दोन पावसाळ्यांत ती पुन्हा बसतील. याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने पान लाल करून वाकवतात आणि तसेच हवेत थंड होऊ देतात. त्या जागचे पाणी (कारखान्यात दिलेली ताकद) उतरते आणि तिथे साधे लोखंड उरते. कोणी ज्योत पेटवताना दिसला, तर गाडी तशीच माघारी आणावी.

जादा पानाचा हिशोबही ऐकून घ्यावा. पानाचा कडकपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटरचे पान टाकले, तर जाडी एकाच मिलिमीटरने वाढली असे दिसते, पण ते एक पान दीडपटीहून अधिक कडक होते. गिऱ्हाईक म्हणते, “मजबूत टाका,” आणि दुकानदार हाताला येईल ते जाड पान टाकतो. पिकअपच्या पाट्यातून कापून काढलेले पान जिप्सीत घातलेले मी पाहिले आहे. रिकामी गाडी मग बैलगाडीसारखी चालते.

आपले मागचे वजन पाहू. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते, म्हणजे चार गोण्यांचे १८० किलो. दोन माणसे धरली तर सव्वातीनशे किलोच्या आसपास. हे वजन रोज असेल, तर जादा पानाचा विचार करता येईल. हंगामापुरते असेल, तर नव्या मूळ पाट्यांना ते झेपते. शक्यतो गोण्या मागच्या दारापाशी न रचता सीटच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात. अ‍ॅक्सलच्या मागे गेलेला प्रत्येक किलो मागे जास्त दाबतो आणि पुढची चाके हलकी करतो.

पॅराबोलिक पाट्यांचे विचारलेले नाही, पण कोणी तरी सुचवीलच. त्यात पाने कमी असतात. प्रत्येक पान मध्ये जाड व टोकांकडे पातळ होत जाते, आणि पाने फक्त मध्यावर व टोकांशी टेकतात. घर्षण जवळजवळ नसल्यामुळे गाडी सुंदर चालते. पण जुन्या पाट्यातले घर्षण शॉकअपचे थोडे काम करून देत असते. ते गेल्यावर सगळा भार शॉकअपवर येतो. चांगल्या शॉकअपवर खर्च करायचा नसेल, तर पॅराबोलिकच्या वाटेला जाऊ नये.

आणि पानांना वरून ग्रीस थापू नये. आपल्या भागातल्या धुळीत ग्रीसची सहाणच होते. पाटे खोलून, घासून, पानांमध्ये ग्रॅफाइटचा पातळ हात द्यावा आणि टोकांशी नायलॉनच्या चकत्या बसत असतील तर बसवाव्यात.

उत्तर ४ (भुसावळ)

कागदपत्रांचा मुद्दा थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. आपली गाडी २००३ ची, म्हणजे पहिल्या पंधरा वर्षांनंतर २०१८ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये नूतनीकरण झाले असेल, आणि पुढचे २०२८ मध्ये येईल. त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते. मूळ मापाचे नवे पाटे ही दुरुस्ती ठरते. पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेणे ही दुरुस्ती नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके तेच विचारील.

प्रश्नकर्ता (चोपडा)

सर्वांचे मनापासून आभार. फैजपूरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. मागच्या बंपस्टॉपखाली डावीकडे ४१ मिलिमीटर जागा आहे आणि उजवीकडे केवळ २२. उजवी बाजू पुढेही बसलेली आहे. मागच्या उजव्या शॅकलचा बुश बोटाने हलतो. उजव्या पाट्यातल्या दुसऱ्या पानाच्या पोटात नखात अडकेल इतकी खाच आहे. हवा ३५ पीएसआयच निघाली. ती पुस्तिकेप्रमाणे कमी केल्यावर पुलाच्या सांध्यांचा त्रास खरोखरच बराच कमी झाला.

कॅम्बर देण्याचा विचार सोडला. मूळ ताकदीचा नवा संच आणि २१५/७५ टायर यांवर मन बसत आहे. शहाद्याच्या भाऊंचा पोट घासण्याचा मुद्दा मला लागू होतो, पण दोन नाल्यांपैकी एकाच ठिकाणी, आणि तिथे काठ थोडा खणून उतार करता येईल. आता दोन शंका उरल्या. फक्त उजवीकडचे पाटे बदलले तर चालेल का? आणि शॉकअपची लांबी कशी ठरवावी?

उत्तर ३ (धुळे) पुन्हा

एका बाजूचे पाटे कधीही बदलू नयेत. उजवीकडे चालक नेहमीच बसतो, म्हणून ती बाजू आधी बसते. जुना डावा पाटा आणि नवा उजवा पाटा एकत्र आले, की गाडी उलट्या बाजूला कलते आणि ब्रेक मारल्यावर ओढते. निदान अ‍ॅक्सलची जोडी तरी एकत्र बदलावी. आपल्या मापांवरून चारही बदलावेत असेच मी म्हणेन.

शॉकअपची लांबी अंदाजाने घेऊ नये. नवे पाटे बसल्यावर, शॉकअप न लावता, चासी जॅकवर इतकी उचलावी की चाक मोकळे लोंबेल, आणि वरच्या व खालच्या जोडांमधले अंतर मोजावे. शॉकअप पूर्ण उघडल्यावर त्याहून थोडा लांब असला पाहिजे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात चाकाचे सगळे वजन त्याच्या दांड्यावर लटकते आणि जोड उखडतो. नंतर गाडी चाकांवर ठेवून तेच अंतर पुन्हा मोजावे आणि त्यातून बंपस्टॉपखालची जागा वजा करावी. शॉकअप पूर्ण मिटल्यावर त्याहून किमान २०-२५ मिलिमीटर आखूड हवा, कारण बंपस्टॉपचे रबरही दबते. हे न पाहता उंच गाडीचे लांब शॉकअप मूळ उंचीच्या गाडीला लावले, तर बंपस्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला लागतो आणि आतून फुटतो.

उत्तर १ (फैजपूर) पुन्हा

शॉकअप गॅसचे की तेलाचे, यावर फार डोके शिणवू नये. मूळ ताकदीच्या पाट्यांना चांगल्या बनावटीचे साधे दोन नळ्यांचे शॉकअप पुरतात. लांबच्या खडबडीत रस्त्यावर तेल तापून शॉकअप ढिले पडतात असा अनुभव येत असेल, तरच गॅसचे घ्यावेत. फार कडक शॉकअपने पाट्याचा मऊपणा वाया जातो, हे मात्र विसरू नये. जुन्यांपैकी कोणता मेला आहे ते ओळखायचे असेल, तर पाणंदीवरून आल्याबरोबर चारही शॉकअपना जपून हात लावून पाहावा. काम करणारा गरम असतो, मेलेला थंड.

प्रश्नकर्ता (चोपडा)

चारही पाटे, बुश, शॅकल आणि शॉकअप एकदमच करतो. काम गावातच करून घेणार आहे. बसवताना मिस्त्रीकडून कोणती गोष्ट आवर्जून करून घ्यावी?

उत्तर ३ (धुळे) पुन्हा

यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) नवेच घ्यावेत. जुने एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा नीट आवळ धरत नाहीत. सेंटर बोल्टचे (पाने मध्यावर एकत्र धरणाऱ्या बोल्टचे) डोके अ‍ॅक्सलच्या भोकात पूर्ण बसले आहे, हे यू-बोल्ट आवळण्यापूर्वी स्वतः पाहावे. ते अर्धवट बसले तर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. शॅकलचे व पाट्याच्या पिनचे नट जॅकवर असताना शेवटचे आवळू देऊ नयेत. लोंबत्या चाकावर आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि वर्षभरात फाटतात. गाडी चारही चाकांवर उभी करून, दोन-तीन वेळा दाबून हलवून, मगच ते नट आवळावेत. शॅकल जवळजवळ उभा आणि खालचे टोक किंचित बाहेरच्या बाजूला असावे. आतल्या बाजूला झुकलेला दिसला, तर पाट्याला कमान गरजेपेक्षा जास्त आहे. तो संच परत करावा. पहिल्यांदा शेतात जाऊन आलात, की चारही यू-बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत, कारण नवी पाने आपापल्या जागी बसली की नट हमखास पाव आटा सैल होतात.